हरिपूरच्या पेवातला फाज

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज भरलं, त्या आठवड्यातली सकाळ. पावणेआठला इन्क्युबेटर उघडला. आत सोळा प्लेटा पालथ्या ठेवलेल्या. एकेक काढायची, ट्यूबलाइटसमोर धरायची, निरखायची, बाजूला ठेवायची. ऑगस्टपासून हेच चाललं होतं. अकरावी प्लेट हातात घेतली आणि शेजारी उभी असलेली मुलगी एकदम म्हणाली, "मॅडम, हलवू नका ओ."

जिवाणूंच्या दुधट थरात, कडेपासून बोटभर आत, टाचणीच्या डोक्याएवढी एक स्वच्छ जागा होती. मागून कुणीतरी म्हणालं, "बुडबुडा असंल." बुडबुड्यांनी तोवर आम्हाला तीनदा फसवलं होतं. भिंग आणलं. बुडबुड्याची कड उजेडात चकाकते, प्लाकची कड मात्र हळूहळू विरत गेलेली असते. ही कड विरलेली होती. भिंग सगळ्यांच्या हातांतून फिरलं. कुणी काही बोलेना. मग त्या मुलीनं मार्कर घेतला, प्लेटच्या पाठीवर त्या जागेभोवती गोल काढला आणि खाली लिहिलं : हरिपूर, पेव, नमुना ७.

बॅक्टेरियोफाज म्हणजे जिवाणूला गाठून त्याच्या आत आपल्या प्रती काढणारा विषाणू. प्रती भरल्या की जिवाणू फुटतो, त्या प्रती शेजारच्या जिवाणूंत शिरतात, तेही फुटतात. दीड-दोन दिवस हे चाललं की जिवाणूंच्या थराला डोळ्यांना दिसेल एवढं भोक पडतं. तो प्लाक. साध्या सूक्ष्मदर्शकात फाज दिसत नाही, त्यानं पाडलेलं भोक दिसतं.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रॅक्टिकलची रीत ठरलेली आहे. ग्रॅम स्टेनिंग करायचं, दुधाची मिथिलीन ब्लू चाचणी करायची, निरीक्षणं जर्नलमध्ये उतरवायची, सही घ्यायची, एक्स्टर्नल आले की तेच करून दाखवायचं. उत्तर आधीच माहीत असतं. गेल्या वर्षीच्या मुलांचं जर्नल हाताशी असतं. एकदा एका मुलाच्या जर्नलमध्ये मला अशी निरीक्षणं सापडली, जी त्या दिवशी वीज गेल्यामुळे घेताच आली नव्हती. मी त्याला रागावले नाही. त्याला तसं करावंसं वाटलं याला आम्ही शिकवणारेच कारण होतो, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

फाजचं काम हाती घ्यायचं कारण हेच. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकारातून २००८ मध्ये सी-फाजेस नावाचा उपक्रम १२ कॉलेजांत सुरू झाला. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं माती आणतात, त्यातून फाज वेगळा करतात, त्याचा डीएनए काढतात आणि पुढच्या सहामाहीत त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून त्यातल्या प्रत्येक जीनची जागा ठरवतात; जीन म्हणजे बहुधा एका प्रथिनाची कृती. २०१५ मध्ये अशा ६२७ फाजच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली, त्यातले बहुतेक फाज विद्यार्थ्यांनी शोधलेले होते. आम्ही त्या उपक्रमात नाही. पण त्यांची कार्यपद्धती, सॉफ्टवेअर आणि फाजची सगळी माहिती कुणालाही वापरता येते. तेवढ्या आधारावर उतरायचं ठरवलं.

मुलं निवडताना गुण पाहिले नाहीत. 'शनिवारी दुपारी आणि रोज सकाळी अर्धा तास येणार का,' एवढंच विचारलं. तेरा जणांनी हात वर केले, दोघं पुढे गळाले. एकाच्या घरी सकाळची दूध डेअरी होती, तो त्यातूनही यायचा. शिराळ्याच्या मुलीची एसटी चुकली की तिचं काम दुसरीनं करायचं, हे त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं.

ज्याच्यावर फाज वाढवायचा तो यजमान जिवाणू निवडला मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. मातीत राहणारा, निरोगी माणसाला सहसा अपाय न करणारा, पण क्षयरोगाच्या जिवाणूचा भाऊबंद. सांगली-मिरजेत क्षयरोग म्हटलं की जुन्या माणसांना वानलेसवाडीचं आरोग्यधाम आठवतं. एका मुलाचे आजोबा तिथं कित्येक महिने राहून बरे झाले होते. त्यामुळे हा जिवाणू आपण का वाढवतोय, हे वर्गाला निराळं समजावून सांगावं लागलं नाही.

नमुने कुठून आणायचे, यावर मात्र मी त्यांना एक खरी हकिकत सांगितली. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका विद्यार्थिनीनं कुजलेल्या वांग्याच्या नमुन्यातून फाज काढला. त्याचं नाव 'मडी'. तो पिट्सबर्गच्या फ्रीझरमध्ये पडून होता. पुढे लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुस बदलल्यानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या चिवट जिवाणूचा संसर्ग झाला. कुठलंच प्रतिजैविक लागू पडेना. तेव्हा तिला तीन फाजचं मिश्रण दिलं गेलं, त्यातला एक हा मडी. तिची तब्येत सुधारली, आणि २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वांगं म्हटल्यावर आमच्याकडची मुलं गप्प बसतील होय? दुसऱ्या दिवशी टेबलावर कृष्णाकाठची तीन कुजकी वांगी हजर. त्यांतून काही निघालं नाही, पण मी ती टाकूही दिली नाहीत. तिन्ही रीतसर तपासली.

नदीकाठची माती आली, द्राक्षबागेतली आली, गुऱ्हाळाच्या मागची आली. हरिपूरच्या मुलीनं पेवातली आणली. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. वरून माणूस उतरेल एवढं तोंड, आत खोली. वर्षानुवर्षं हळद त्यात राहायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीचशी निकामी झाली. तिच्या चुलत्यांच्या अशाच एका पडक्या पेवाच्या तोंडाशी खुरप्यानं खणून तिनं चहाच्या पुडीएवढी माती आणली होती, ओलसर, आणि पिशवी उघडली की अजून हळदीचा वास येतो असं तिचं म्हणणं. मला तो आला नाही.

काम असं. मातीत द्रव माध्यम आणि जिवाणू घालून दोन दिवस शेकरवर ठेवायचं. मातीत फाज असला तर त्या जिवाणूंवर तो वाढतो. मग ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. जिवाणू वर अडकतो, फाज खाली उतरतो. हा गाळलेला द्रव ताज्या जिवाणूंत मिसळायचा, पातळ अगारात, म्हणजे गरम असताना वितळलेल्या जेलीत, घालून प्लेटवर ओतायचा. अगार जास्त गरम असेल तर जिवाणू मरतो, थंड झाला तर गुठळ्या होतात. अंगावर बाटली लावून बघायची आमच्या मामांची पद्धत थर्मामीटरपेक्षा कमी चुकली, हे मी लिहून ठेवते. मामा प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं आहेत.

सहा आठवडे एकही प्लाक आला नाही. जिवाणू छान वाढायचे, प्लेट सपाट. मी माती बदलायला सांगत राहिले. चूक माझी होती. हा जिवाणू द्रव माध्यमात गोळे करून वाढतो. ते होऊ नयेत म्हणून ट्वीन-८० हा साबणासारखा पदार्थ घालतात, आणि एम.एस्सी.पासून माझ्या हाताला तीच सवय. पण ट्वीन असेल तर फाजला जिवाणूच्या पृष्ठभागाला नीट चिकटता येत नाही. शेवटचं कल्चर बिनट्वीनचं लागतं, कॅल्शियम मात्र लागतं. हे कार्यपद्धतीत स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते पान चाळून पुढे गेले होते, कारण मला ते येत होतं. शिराळ्याची मुलगी एसटीत मोबाइलवर ते वाचत आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडम, हितं ट्वीन नको लिवलंय की. आपण तर घालतोय."

मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की सहा आठवडे माझ्यामुळे गेले. वर्गात असं म्हणायची मला सवय नव्हती. मुलांनी जुने सगळे गाळलेले द्रव फ्रीजमधून काढले. दूध डेअरीवाल्यानं प्रत्येक ट्यूबवर तारीख घालून ठेवली होती, म्हणून काही फुकट गेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीतही चौघं आली. मग ती अकरावी प्लेट.

एका प्लाकपासून शुद्ध फाजपर्यंतचं काम कंटाळवाणं असतं, ते थोडक्यात सांगते. टिपनं प्लाक टोचायचा, द्रवात झटकायचा, दहा-दहा पट पातळ करत पुन्हा प्लेटा घालायच्या, पुन्हा एक प्लाक टोचायचा. आम्ही हे चार वेळा केलं, कारण दुसऱ्या खेपेला दोन आकारांचे प्लाक दिसले. मग भरपूर फाज हवा म्हणून अशी पातळी शोधायची, जिथं प्लाक एकमेकांना जेमतेम भिडतात आणि मध्ये जिवाणूंचे बारीक धागे उरतात. 'जाळीची प्लेट' हे नाव मुलांचं. अनारशाला जाळी पडावी तशी ती दिसते, आणि आमच्या दोघीतिघींनी ती पाहून खरंच अनारशाचंच नाव काढलं.

डीएनए काढला आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्याची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवला. इथं आमचे आठ महिने गेले. आधी खर्चाच्या मंजुरीची फाइल फिरत राहिली. मंजुरी आली तर पहिला नमुना वाटेत खराब झाला. बर्फ वितळून डबा दोन दिवस कुठंतरी पडून होता. पुन्हा डीएनए, पुन्हा डबा. तोवर ज्या मुलांनी फाज शोधला ती टीवाय पास होऊन गेली. याचं मला फार वाईट वाटलं. हरिपूरची मुलगी पुण्याजवळ एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागली होती. निकाल आल्याचं मी तिला कळवलं. तिचा पहिला प्रश्न, "किती अक्षरं?"

पन्नास हजारांहून थोडी जास्त. ए, टी, जी, सी, डीएनएची ही चारच अक्षरं. नव्या वर्षाच्या दहा मुलांसमोर मी ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पानामागून पान, कुठं मोकळी जागा नाही, विराम नाही. मुद्दामच आधी सॉफ्टवेअर दाखवलं नाही. एकाने विचारलं, "वाक्य कुठं सुरू होतं?" मी म्हटलं, तेच शोधायचं आहे.

१९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटानं पहिला संपूर्ण डीएनए जीनोम वाचला, तोही एका फाजचाच : फाय-एक्स-१७४, अक्षरं ५,३८६. आमच्या मुलांच्या समोर त्याच्या नऊपट होता, पण वाचण्याचं काम यंत्रानं आधीच केलं होतं. उरलं होतं ते अर्थ लावण्याचं. ग्लिमर आणि जीनमार्क ही दोन सॉफ्टवेअर जीन कुठं असेल याचा अंदाज देतात. अंदाजच. जीनचा शेवट बहुधा नक्की असतो, सुरुवात नसते. सुरुवातीला तीन अक्षरांचा एटीजी चालतो, जीटीजी चालतो, क्वचित टीटीजीही. एकाच जीनला चार-चार दारं दिसतात. जवळपास नव्वद जीन निघाले, दहा जणांत वाटले. नियम एकच ठेवला : प्रत्येक जीनची सुरुवात दुसऱ्यासमोर पटवून द्यायची, आणि 'सॉफ्टवेअर म्हणतंय' हे कारण धरायचं नाही.

भांडण झालं ते एकतीस नंबरच्या जीनवर. ग्लिमर म्हणत होतं सुरुवात जीटीजीपासून, जीनमार्क म्हणत होतं छत्तीस अक्षरं पुढच्या एटीजीपासून. म्हणजे बारा अमिनो आम्लांचा फरक. ज्याच्या वाट्याला तो जीन होता, तो जीटीजीच्या बाजूचा. त्यानं फळ्यावर चार अक्षरं लिहिली : जीटीजीए. आधीचा जीन टीजीएवर संपतो. या चार अक्षरांत नव्याची सुरुवात जीटीजी आणि जुन्याचा शेवट टीजीए, दोन्ही एकमेकांत अडकलेले. फाजच्या जीनोममध्ये जीन असे खेटून बसतात, कारण फाजच्या डोक्यात डीएनए भरायला जागा ठरलेली असते. "एटीजी धरला तर मधी बत्तीस अक्षरं मोकळी पडत्यात. त्यांचं काय करायचं?"

तासगावच्या मुलीला हे मान्य नव्हतं. प्रथिन बनवणारा रायबोसोम जिथं बसतो ती खूण एटीजीच्या आधी जास्त ठळक आहे, असं तिनं आकडे काढून दाखवलं. शिवाय नात्यातल्या काही फाजमध्ये तो जीटीजी नाहीच, एटीजी मात्र सगळ्यांत आहे. "जे सगळ्यांत टिकलंय ते कामाचं असणार." तो म्हणाला, बाकीच्यांत नाही म्हणून आपल्यात नसेल असं कुठाय. दोघं सव्वा तास उभे. पुण्याहून हरिपूरची मुलगी व्हिडिओ कॉलवर होती, ती मध्येच म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगा की."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. प्रथिनाचं टोक प्रत्यक्ष मोजायची सोय आपल्याकडे नाही, तोवर पुरावा तोलून ठरवायचं, आणि का ठरवलं ते लिहून ठेवायचं. त्या दिवशी फळा कुणी पुसला नाही. सोमवारी पहिल्या तासाला मला दुसरा फळा वापरावा लागला.

काही जीन लगेच ओळख देतात. सगळ्यांत लांब जीन बहुधा टेप मेजरचा : त्या प्रथिनाच्या लांबीवर फाजच्या शेपटीची लांबी ठरते. गवंड्याच्या मुलाला तो मिळाला हा योगायोग. त्यानं घरी जाऊन वडिलांना सांगितलं की या किड्याच्या आतसुद्धा पट्टी असते. त्या जीनच्या अलीकडं रायबोसोम मुद्दाम एक अक्षर मागं घसरतो आणि एकाच जागेतून दोन लांबीची प्रथिनं निघतात. ती घसरण्याची जागा शोधायला तिघांना दोन शनिवार लागले.

पण निम्म्याहून जास्त जीनचं काम कुणालाच ठाऊक नाही. जगभरच्या माहितीसाठ्यात शोधलं तरी जवळचं काही सापडत नाही. त्यांच्यापुढे 'हायपोथेटिकल प्रोटीन' लिहावं लागतं. जतच्या मुलाच्या वाट्याला नऊपैकी आठ असे आले. तो हिरमुसला. "मॅडम, सगळ्यांना काहीतरी घावलं, मला नुसतं माहीत नाही, माहीत नाही." मी त्याच्याशेजारी बसले. त्याचा नववा जीन जिवाणूची भिंत फोडणाऱ्या प्रथिनाच्या जीनला लागून होता, आणि त्याचं प्रथिन जिवाणूच्या पेशीपडद्यातून चार वेळा आरपार जाईल असं दिसत होतं. अशा जागी असं प्रथिन म्हणजे होलिन असण्याची शक्यता बरीच : पडद्याला भोक पाडून फुटण्याची वेळ ठरवणारं. तो खूश होऊन 'होलिन' लिहायला लागला. मग स्वतःच थांबला. शेजारी आहे एवढ्यावरून नाव देता येईल का? ओळखीच्या होलिनशी त्याचं काही जुळत नव्हतं. त्यानं अर्धा तास आणखी शोधलं आणि 'मेम्ब्रेन प्रोटीन' एवढंच लिहिलं. हा मुलगा तोच, ज्याच्या जर्नलमध्ये वीज गेलेल्या दिवसाची निरीक्षणं होती.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा हळदी, कृष्णा, संगम अशी बरीच नावं निघाली. शोधणाऱ्याला मान द्यायचा, म्हणून हरिपूरच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "पेव." पिट्सबर्गच्या यादीत चाळून पाहिलं, ते नाव कुणी घेतलेलं नव्हतं.

जीनोम जेनबँक या जगभरच्या खुल्या डीएनए-साठ्यात पाठवायच्या आदल्या रात्री नावांची यादी केली. पहिल्या वर्षाचे अकरा, दुसऱ्याचे दहा. मामांचं नाव आभारात घालायचं म्हटलं तर ते नको म्हणाले. मुलांनी ऐकलं नाही. एकतीस नंबरच्या जीनला शेवटी जीटीजी ठेवला, सहा विरुद्ध चार. मतानं हे ठरवायचं नसतं हे मला कळतं, म्हणून आमच्या नोंदवहीत त्या जीनच्या पानावर दोघांचीही कारणं पुरी उतरवली आहेत. तासगावच्या मुलीनं आपल्या बाजूखाली तारीख घालून सही केली आणि म्हणाली की एम.एस्सी.ला प्रथिनाचं टोक मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असेल तिथंच प्रवेश घेणार आहे.